एल्झीच्या खिशातल्या पट्ट्या

एल्झी रँकिन समोरून आला की आधी त्याचे खिसे दिसायचे, मग एल्झी. अंगात कायम निळी डंगरी. तिला छातीवर खिसे, कमरेला खिसे, मागे खिसे, आणि त्यातले निम्मे तरी फुगलेले. नवख्या माणसाला वाटायचं, काय तंबाखू खातो हा! त्या खिशांत माऊथ ऑर्गन असायचे. आमच्या पॉवेल्स बेंडमध्ये एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. आम्ही त्याला नुसता बाजा म्हणतो.

एल्झी शाळेची बस चालवायचा. सकाळी पोरं शाळेत उतरवली की दुपारी ती परत आणेपर्यंत त्याला काही काम नसायचं. मग तो बस नदीच्या बांधाखाली पेकानच्या झाडाशी उभी करायचा आणि सगळे बाजे काढून काचेखाली उन्हात मांडायचा. थंड बाजा कुरकुरतो, असं त्याचं म्हणणं. ते तापेपर्यंत हा डोळे मिटून बसायचा. बांधापलीकडून मिसिसिपी वाहत असायची, ती दिसायची नाही, पण हवेत तिचा ओला वास असायचा. अलीकडे कपाशीची शेतं, आणि त्यांच्या कडेला माशांची चौकोनी तळी. त्या उन्हात सगळंच थोडं हलल्यासारखं दिसायचं. मी कधी त्या बाजूनं जाताना थांबले की तो डोळे न उघडता म्हणायचा, "टीनी, ये. आत्ता तळ्यावरून जो वारा येतोय ना, तो जी मध्ये आहे."

"आणि मी कशात आहे?"

"तू चिडलेली असलीस की बी फ्लॅट. एरवी कोण जाणे, एरवी तू कधी असतेस?"

मी अर्नेस्टीन. शनिवारी बँडमध्ये ड्रम वाजवते, रविवारी चर्चमध्ये, आणि उरलेल्या दिवसांत गावातल्या बायकांची डोकी माझ्या दुकानात धुते, विंचरते, सरळ करते. ड्रमवालीला पट्टीशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे ए आणि डी आणि जी हे सगळं प्रकरण मला एल्झीनंच समजावलं. तेही कितीतरी वेळा, कारण मी ऐकता ऐकता कंटाळून जायची.

गिटारवाल्याचं बरं असतं. खुंटी पिळली की तार चढते, सैल सोडली की उतरते. बाजाचं तसं नाही. कारखान्यातून ज्या पट्टीत आला त्याच पट्टीत तो मरणार. म्हणून बँडमध्ये वाजवायचं तर एका बाजानं भागत नाही. आणि सगळ्याच पट्ट्यांचे घ्यावेत, तर बसड्रायव्हरला ते परवडत नाहीत, आणि परवडले तरी डंगरीला तेवढे खिसे नसतात. मग कुठले घ्यायचे? ग्रीनव्हिलचा दुकानदार म्हणायचा, सात बाजांची कातडी पेटी घेऊन टाक, आयुष्याची काळजी मिटली. एल्झी ती पेटी उघडून बघायचा, वास घ्यायचा, आणि परत द्यायचा.

"का रे, चांगली होती की," मी म्हटलं.

"दुकानदाराला गाणारा माहीत नसतो," तो म्हणाला. "बाजा दुकान बघून घ्यायचा नसतो. आपण कुणाच्या मागे वाजवणार, त्याचा गळा बघून घ्यायचा."

तसेच त्याचे बाजे जमत गेले. पहिला सी चा, मामानं दिलेला. लेलँडच्या कर्णेवाल्यांनी लग्नात बोलवायला सुरुवात केली तेव्हा एफ आणि ई फ्लॅट, कारण कर्णेवाले नेहमी असल्या आडवळणाच्या पट्ट्यांतच वाजवतात. नंतर एका गाणाऱ्यासाठी डी. तो गाणारा डेट्रॉइटला निघून गेला, पण डी राहिला. आणि सगळ्यांत लाडका ए, तो ओझेलाबाईंसाठी.

आता ओझेलाबाई तर सगळं ई मध्ये गायच्या. मग ए कशाला? हे मी त्याला एकदा विचारलं होतं. बँड ई म्हणतो तर सरळ ई चाच बाजा का नाही घेत? नवशिके तसंच करतात, आणि तोंडघशी पडतात.

"टीनी, घराला पुढचं दार असतं आणि मागचं असतं," एल्झी म्हणाला. "ई चा बाजा घेतलास तर ई मध्ये पुढच्या दारानं शिरलीस. छान. नाताळची गाणी वाजव. आपलं गाणं मागच्या दारानं येतं, स्वयंपाकघरातून. फुंकायचं कमी, श्वास आत ओढायचा जास्त. त्याला दुसऱ्या पट्टीचा बाजा लागतो. ई ला ए, त्या डेट्रॉइटवाल्याच्या ए ला डी."

आमच्या आया जन्मभर गोऱ्यांच्या घरांत मागच्याच दारानं जात-येत होत्या, त्यामुळे मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

आमचा बँड म्हणजे चार माणसं. गिटारवर क्लिओटिस, कापसाच्या जिनिंगमधला फोरमन. बाजावर एल्झी, ड्रमवर मी, आणि पुढे उभ्या ओझेलाबाई. शनिवारी दुपारी कुणाच्या तरी अंगणात, नाहीतर मक्याची टमाली विकणाऱ्या हॉलिसच्या शेडमध्ये आम्ही वाजवायचो. ओझेलाबाई उंच, ताठ, पिवळ्या रंगाचं वेड असलेल्या. हसल्या तरी मेहेरबानी केल्यासारख्या हसायच्या. तरुणपणी त्या गायला लागल्या की माशांच्या कारखान्यातल्या बायका हातातला सुरा खाली ठेवायच्या, असं माझी आई सांगायची. त्यांची ओळ संपली की तिथे जी जागा उरते, तेवढीच एल्झीची. तो त्या जागेत शिरायचा, दोन श्वास घ्यायचा आणि बाहेर यायचा. ओळीवर कधी पाय दिला नाही त्यानं. दोघांत काही होतं का, असं गावानं खूप वर्षं विचारलं. काही नव्हतं. आणि मला विचाराल तर सगळं होतं.

मग एका वर्षी, पीचला मोहर आला होता तेव्हा, सरावाला आम्ही सुरू केलं आणि एल्झीचा बाजा गिटारशी असा काही भांडला की माझे दात आंबले. एल्झीनं तोंडातून बाजा काढला. पुढचं सगळं गाणं तो नुसता ऐकत उभा राहिला. ओझेलाबाई डोळे मिटून गात होत्या, आणि खूप दिवसांनी त्यांचा वरचा सूर न थरथरता लागला होता. गाणं संपल्यावर त्या पाणी प्यायला आत गेल्या.

"किती सोडल्यास तारा?" एल्झीनं क्लिओटिसला विचारलं.

क्लिओटिस बूट बघत म्हणाला, "अर्धाच सूर. त्यांना तिथवर जाताना त्रास होतो रे. बघवत नाही."

"बरं केलंस," एल्झी म्हणाला, आणि विषय संपला.

म्हणजे ई अर्धा सूर उतरून ई फ्लॅट झाला होता. पण तो शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला म्हातारा झालास असं म्हणायची पद्धत नाही. चर्चमधल्या आंधळ्या डीकनच्या हातात अजून पुस्तक देतात, तो उघडतो, पाठ असलेलं म्हणतो, आणि आम्ही सगळे पान उलटल्याचा आवाज करतो. तेव्हा क्लिओटिस पूर्वीसारखाच ओरडायचा, "ई!" ओझेलाबाई मान हलवायच्या, "ई." आणि आम्ही ई फ्लॅट वाजवायचो.

गिटारला खोटं बोलता येतं, बाजाला येत नाही. एल्झीनं दुकानदाराकडून ए फ्लॅटचा बाजा मागवला. असला बाजा आमच्या भागात कोण घेतो? दुकानदारानं दोनदा विचारलं, नक्की ना? तो आल्यावर एल्झीनं बसमध्ये बसून त्याच्यावरचं अक्षर कानशीनं घासून टाकलं, म्हणजे बाईंची नजर पडली तरी काही कळायला नको. ए चा बाजाही तो जवळ ठेवायचाच, डाव्या कमरेच्या खिशात, पूर्वीच्याच जागी.

बघता बघता या गोष्टीची आम्हाला इतकी सवय झाली की ती गोष्ट आहे हेच आम्ही विसरलो.

ओझेलाबाई दर शुक्रवारी माझ्याकडे केसांना यायच्या. गरम कंगव्याचा धूर, तेलाचा वास, बाहेर ऊन. त्या आरशात स्वतःकडे बघत म्हणायच्या, "हल्ली कशातच राम नाही बघ पोरी. पाय आखडले. चर्चच्या जेवणातली कोंबडीसुद्धा आखडली. एक आवाज तेवढा देवानं जागच्या जागी ठेवलाय."

"हो ना," मी म्हणायची.

"हो ना काय? तू ड्रम वाजवतेस, तुला काय कळतं!"

"तेही खरंच."

मग त्या आरशातून माझ्याकडे बघत राहायच्या आणि मी कंगवा तापला की नाही ते बघायला वळायची.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे परतीचा शनिवार असतो. शिकागो, डेट्रॉइट, मेम्फिस, कुठकुठं गेलेले सगळे त्या दिवशी गावी येतात, मोठ्या गाड्या घेऊन, आणि आपण तिकडे किती सुखात आहोत ते जेवता जेवता सांगतात. चर्चमागच्या मैदानात बोकड भाजायला लावलेला असतो, कढईत मासे तळले जात असतात, पोरं पाण्याच्या नळाशी ओली होत असतात. चार वाजता ओझेलाबाई गातात. तेवढ्यासाठी लोक एवढ्या लांबून येतात, असं त्या म्हणायच्या, आणि थोडंफार ते खरंही होतं.

त्या वर्षी बुधवारी क्लिओटिसचं बोट जिनिंगच्या पट्ट्यात सापडलं. तुटलं नाही, पण सुजून भोपळा झालं. गिटारवर कोण? तर ओझेलाबाईंचा भाचा डार्नेल शिकागोहून आलाच होता, आणि तो तिकडे क्लबात वाजवतो. गोड मुलगा. मोठ्यांसमोर टोपी काढणारा. त्यानं आल्या आल्या एक छोटंसं यंत्र काढून गिटारच्या तारा अगदी चोख लावून घेतल्या.

"मावशी कुठल्या पट्टीत गाते?" त्यानं विचारलं.

"ई," क्लिओटिस बोट वर धरून बसला होता, तिथूनच म्हणाला. "आणखी कुठल्या?"

आणि आम्ही कुणीही, एल्झीनंसुद्धा, त्यात काही चुकलंय असं मानलं नाही. एवढी वर्षं ई म्हटलं होतं ना. ई म्हणजे तेच, जे आपण वाजवतो.

मैदान गच्च भरलं होतं. ओझेलाबाई पिवळ्या झग्यात माईकपाशी उभ्या. पहिलं गाणं एल्झी सुरू करतो, नेहमीच. त्यानं तो अक्षर घासलेला बाजा तोंडाला लावला, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला, आणि तो जो एक लांब सूर आला, तो बांधावरून उतरून, तळ्यांवरून तरंगत आल्यासारखा होता. भाजणाऱ्या बोकडापाशी उभे असलेले पुरुषही वळले. मला वाटलं, आता कोणी काही बोलू नये, हे असंच चालावं.

मग डार्नेलची गिटार आत आली.

अर्ध्या सुराचं भांडण फार वाईट असतं. पूर्ण सूर चुकला तर माणूस हसतो, अर्धा चुकला तर कळ येते. पुढच्या रांगेत कुणीतरी कानावर हात ठेवला. डार्नेल थांबला. क्लिओटिस खुर्चीतून अर्धा उठला, तोंड उघडं, रंग उडालेला. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

"काका, बाजा चुकला तुमचा," डार्नेल अगदी अदबीनं म्हणाला. "ई आहे. ए काढा ना."

एल्झीचा ए त्याच्या डाव्या कमरेच्या खिशात होता. मागून मला त्याची चौकोनी कड दिसत होती. नुसता हात घालायचा अवकाश. पण तो काढला असता तर बाईंना खरोखरच्या ई मध्ये गावं लागलं असतं, आणि तिथे त्यांचा गळा राहिलेला नव्हता. वरच्या ओळीला तो फाटला असता, सगळ्या शिकागो-डेट्रॉइटसमोर. ओझेलाबाई हलल्या नाहीत. माईकचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता, एवढंच.

एल्झीनं हातातल्या बाजाकडे पाहिलं. मग लोकांकडे. मग म्हणाला, "ए नाही माझ्याकडे."

"नाही म्हणजे? घरी राहिला?"

"मुळातच नाही. घेतलाच नाही कधी. हा एवढा आहे. तू खाली ये पोरा, अर्धा सूर."

मैदान हसलं. हसणारच. बाजावाल्याकडे ए नाही म्हणजे न्हाव्याकडे कात्री नाही. "काय एल्झी, खिशात मग काय, भुईमुगाच्या शेंगा?" हॉलिस ओरडला. डेट्रॉइटहून आलेला एक जण बायकोला म्हणाला, "जन्मभर बस चालवली की असंच होतं." कोणीतरी म्हणालं, "अरे, वर्गणी काढा रे त्याच्यासाठी!" पुन्हा हशा. एल्झी पण हसला, डोकं खाजवलं. ज्या माणसानं गळे ऐकून ऐकून एकेक बाजा घेतला, तो माणूस सगळ्या गावासमोर अडाणी ठरत उभा होता. मला तेव्हा इतकं भरून आलं की मी उगाचच झांज पुसत बसले.

डार्नेल जरा नाराज झाला, पण मुलगा संस्कारी. त्यानं तारा उतरवल्या. एल्झीनं पुन्हा सुरू केलं, आणि ओझेलाबाई गायल्या. कशा गायल्या ते मी काय सांगू. पहिल्या ओळीला हशा विरला, दुसरीला मुलं नळ सोडून आली. त्यांचा वरचा सूर लागला तेव्हा मला वाटलं, जरासा काठावर होता. पूर्वीसारखा मधोमध नव्हता. अर्धा सूर उतरूनही त्या काठावर होत्या.

टाळ्या संपेपर्यंत त्या थांबल्या. मग माईकजवळ तोंड नेलं.

"मंडळी, माझं वय झालंय," त्या म्हणाल्या. "या गावात कोणी कुणाला सांगत नाही, म्हणून मीच सांगते. गेली कितीतरी वर्षं ही माणसं ई म्हणतात आणि दुसरंच वाजवतात, आणि मी ऐकून घेते. गळा माझा आहे. तो कुठवर उतरलाय ते मला कळत नसेल होय? हा एल्झी आत्ता खोटं बोलला. ए आहे त्याच्याकडे. डाव्या खिशात."

आता कोणी हसलं नाही. हॉलिसनं टोपी काढली, का ते त्यालाच ठाऊक. क्लिओटिस सुजलेलं बोट तोंडात घालून बसला होता.

"डार्नेल, आणखी अर्धा खाली घे. डी. मला तिथे बरं वाटतं. घरी भांडी घासताना मी डी मध्येच गाते."

मग त्या एल्झीकडे वळल्या आणि माईकवर हात ठेवला. मी मागेच बसलेली, म्हणून मला ऐकू आलं.

"तू आता बस जरा खाली. डी ला जी लागतो, एवढं कळतं मला. आपल्यात डी त कोणी कधी गायलं नाही, तुझ्याकडे तो कुठून असणार? बस आणि ऐक. आज पुष्कळ केलंस."

एल्झी बसला नाही. त्यानं छातीवरच्या खिशाचं बटण सोडलं आणि एक पुठ्ठ्याची डबी काढली. डबीच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या, पण आतला बाजा कोरा होता, त्याला अजून कुणाचं तोंड लागलं नव्हतं. वरचं जी अक्षर उन्हात चकाकलं. ते त्यानं घासलं नव्हतं.

ओझेलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हा कधी घेतलास?"

"ए फ्लॅट मागवला तेव्हाच. दोन्ही एकदम आले."

बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. "म्हणजे माझा आवाज इथवर उतरणार, हे तुला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"ते कुठं ठाऊक होतं, बाई," एल्झी म्हणाला. "तुम्ही गात राहाल, एवढंच धरून चाललो होतो."

त्यांनी माईकवरचा हात काढला, माझ्याकडे वळून पायानं लय दिली, आणि मी काठ्या उचलल्या.